दीपगृहाची सातवी पायरी

तिरस्काराविषयी आपल्याकडे सहसा बरे बोलले जात नाही. क्षमेची स्तोत्रे आहेत, करुणेची आहेत, धैर्याची तर उदंड आहेत. तिरस्काराला मात्र कोणी कधी फूल वाहिलेले नाही. याचे कारण बहुधा असे, की आपल्या रोजच्या पाहण्यातला तिरस्कार हा आळशी असतो. न वाचता ग्रंथाला टाकाऊ म्हणावे, न चाखता स्वयंपाकाला नावे ठेवावीत, आणि तोंड वाकडे करून मोकळे व्हावे. त्याला कष्ट पडत नाहीत, म्हणून त्याला किंमतही नाही. परंतु तिरस्काराची एक दुसरी, दुर्मीळ जात आहे. वस्तू हाती घ्यावी, उलटीसुलटी करून पाहावी, तिला आपली बाजू मांडायची पुरेपूर संधी द्यावी, आणि मग अत्यंत शांतपणे म्हणावे, ही भिकार आहे. उपेक्षा या शब्दाच्या पोटातही पाहणे या अर्थाचा धातू बसलेला आहे. न पाहता केलेली उपेक्षा म्हणजे निव्वळ आंधळेपण. असा डोळस तिरस्कार मी उभ्या आयुष्यात एकाच माणसापाशी पाहिला. तो माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

तो सरकारी खात्यात लिफ्टचा तपासनीस होता. खात्याच्या पाटीवर ‘उद्वाहन निरीक्षक’ असे भारदस्त शब्द होते. ते वाचून लोक क्षणभर थबकत आणि मग लिफ्टवाले साहेब कुठे बसतात म्हणून शिपायाला विचारत. इमारतींचे व्यवस्थापक त्याला आपसात ‘नापास’ म्हणत. नाव उगाच पडलेले नव्हते. दोर, ब्रेक, दार, सगळे पाहून झाल्यावर तो प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून उकिडवा बसे, आणि लिफ्टची जमीन नि मजल्याची जमीन यांच्या सांध्यावर एक जुनी पोलादी पट्टी उभी धरी. तेथे दोन बोटांचा फरक निघाला की छापील तक्त्यावर एकच शब्द उमटत असे. एका गुळगुळीत व्यवस्थापकाने एकदा त्याला हसून विचारले होते, की साहेब, दोन बोटांनी असे काय आभाळ कोसळते. याने पट्टी पुसत सांगितले, की दोन बोटांत ठेच लागते, ठेचेत एक दात जातो. तो कोणाचा जावा तेवढे तुम्ही ठरवा. व्यवस्थापकाने आठवड्यात लिफ्ट वर घेतली.

ही दोन बोटे त्याच्या आयुष्यात कोठून आली, ते सांगण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

माझे भावोजी, म्हणजे त्याचे वडील, बांधकामाच्या एका कचेरीत आरेखक होते. इमारतींचे नकाशे काढण्यात हयात गेलेली. रेषा जाड झाली तर त्यांना ताप यायचा. छापखान्यांविषयी तर त्यांच्या मनात जी तुच्छता होती, तिला तोड नाही. वर्तमानपत्र ते लाल पेन्सिल हाती घेतल्याखेरीज वाचत नसत. औषधाच्या बाटलीबरोबर आलेला कागदसुद्धा सुधारून मगच औषध घेत. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी सात दुरुस्त्या करून आमच्या वडिलांकडे परत पाठवली होती. “तारीख तेवढी बरोबर आहे, तेव्हा लग्न होऊ शकेल,” असा शेराही होता.

भाचा तेराचौदा वर्षांचा असताना या घरात एक संगणक आला. आजच्या पोरांना तो पाहून हसू येईल. रबरी कळांची काळी पेटी, मोठ्या कंपासपेटीएवढी; ती टीव्हीला जोडायची आणि बाजूला कॅसेटचा टेपरेकॉर्डर ठेवायचा. खेळ विकत मिळत, परंतु भावोजींच्या घरी विकतचे करमणुकीचे सामान येणे शक्य नव्हते. एका मासिकात मात्र खेळांच्या सूचना ओळीओळीने छापून येत. त्या जशाच्या तशा टंकल्या की खेळ तयार. हे भावोजींना मानवले. त्यात श्रम होते.

त्या मासिकातून त्यांनी ‘दीपगृह’ नावाचा खेळ निवडला. तीनशे चाळीस ओळी. भावोजी अंकावर आपली पोलादी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत, मुलगा एकेक कळ शोधून दाबी, ओळ झाली की लाल खूण. तीन रविवार हे चालले होते. मग तो खेळ कॅसेटवर साठवला आणि मे महिन्याची सुट्टी लागली.

या खेळाइतकी दळभद्री कल्पना मानवी बुद्धीला क्वचितच सुचली असेल. वादळात दीपगृहाचा दिवा विझला आहे. रखवालदाराने पाच शिड्या चढून तो पेटवायचा. वाटेत पक्षी आडवे येतात. पक्षी म्हणजे दोन तिरप्या रेषा, रखवालदार म्हणजे टोपी घातलेले कुलूप. पक्ष्याचा पंख टोपीला लागला की बिचारा थेट तळाशी, आणि पुन्हा पहिल्यापासून. असे तीन जन्म. तीनही संपले की यंत्रातून म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज येई. भाचा चार शिड्या आठवड्याभरात सहज चढू लागला. पाचव्या शिडीच्या सहा पायऱ्याही चढला. त्यापुढे वरच्या सज्ज्यापर्यंत उडी मारायची होती, आणि ती उडी दोन ठिपक्यांनी कमी पडे. दर वेळी दोनच ठिपक्यांनी. हात सज्ज्याला लागला असे वाटे, आणि माणूस खाली.

हे दोन ठिपके फार दुष्ट होते. हातभर अंतर असते तर मुलाने नाद सोडला असता. बावन्न दिवस तो त्या टीव्हीसमोर बसला. माझी बहीण स्वयंपाकघरातून म्हणायची, “त्या माणसाला एकदाचं वर जाऊ दे रे, मला बातम्या बघायच्यात.”

सुट्टी विनोदात गेली असती. पण मुलाने याच सुमारास वडिलांना सांगून टाकले होते, की मला पुढे संगणकाचेच शिक्षण घ्यायचे आहे. भावोजींनी त्यावर अट घातली: सुट्टी संपायच्या आत स्वतःच्या हाताने टंकलेला खेळ पुरा करून दाखव. शेवटच्या दिवशी ते खुर्ची ओढून मागे बसले. पोराने अकरा वेळा उडी मारली, अकरा वेळा ते कुलूप खाली आले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे होतो. भावोजी रागावले नाहीत. नकाशावरची चूक दाखवावी तशा स्वरात ते म्हणाले, “यंत्र नवं आहे. छापलेलं सगळं मी स्वतः तपासलंय. उरलास तू.”

न्यायशास्त्रात याला परिशेषाचे अनुमान म्हणतात. संभवणारी एकेक कारणे खोडत जावे; जे उरेल ते खरे. तर्क निर्दोष होता, आणि त्या निर्दोष तर्काने पेटी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली. मुलगा यंत्रदुरुस्तीच्या शिक्षणाला गेला, तेथून लिफ्टच्या खात्यात. जाताना वडिलांच्या टेबलावरची पोलादी पट्टी मात्र त्याने मागून घेतली होती. पुढे तीस वर्षे तो प्रत्येक लिफ्टपाशी तोच तर्क चालवत राहिला: दोर ठीक, ब्रेक ठीक, दार ठीक, उरलास तू.

बापलेकांत बोलणे बंद वगैरे झाले नाही. झाले असते तर बरे, असे माझी बहीण म्हणे. जेवताना मुलाकडून पाण्याचा पेला सांडला तरी भावोजी शांतपणे म्हणत, “दोन ठिपके कमी पडले.” मुलाच्या लग्नात व्याह्यांना त्यांनी हीच हकिगत हसत हसत सांगितली. मुलगाही हसला. त्याचे ते हसणे मी पाहिले आहे. ते मला पुन्हा पाहायला नको.

माझी बहीण गेली तेव्हा भावोजी त्र्याऐंशीचे होते. एकटे राहणे शक्य नव्हते, म्हणून भाच्याने त्यांना आपल्या घरी आणले. जुने घर रिकामे करताना माळ्यावरून ती चादर निघाली. आत पेटी, तारा, कॅसेट आणि मासिकाचा तो अंक. बहिणीने वर डांबराच्या गोळ्यासुद्धा ठेवल्या होत्या. भावोजींनी काठीने गाठोड्याला टोचून विचारले, की हे खेळणे फेकायचे, की अजून पुरे करायचे आहे. दुसऱ्या दिवशी भाच्याने कार्यालयात आठवड्याची रजा टाकली. एकावन्न वर्षांच्या माणसाने रजेचे कारण म्हणून ‘घरगुती तपासणी’ असे लिहिले होते.

टीव्ही नवा, तारा जुन्या. ते सोयरिकीचे काम दोन दिवस चालले. कॅसेटचा टेपरेकॉर्डर शेजारच्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडून आणला, त्याच्या आतला भाग स्पिरिटने पुसला, आणि तिसऱ्या खेपेला कर्कश किंचाळत तो खेळ खरोखरच जागा झाला. भावोजी खुर्चीत, पाठीला उशी. सूनबाईने मला नंतर सांगितले, की त्यांना इतके टवटवीत तिने सासूबाई गेल्यापासून पाहिले नव्हते. पोराच्या प्रत्येक मरणावर ते काठी आपटून आकडा म्हणत.

भाचा मात्र खेळत नव्हता, तपासत होता. शेजारी वही होती. या वयात त्या खेळाकडे पाहताना त्याला जी किळस आली, ती त्याने कलमवार नोंदवली होती. ती वही मी वाचली आहे. रखवालदार डावीकडे वळताना अर्धे पाऊल चोरतो. पक्षी उजवीकडून येताना आधी दिसतो, डावीकडून येताना आधी मारतो. ही वैरबुद्धी नव्हे, नुसता गलथानपणा. वादळ म्हणजे पडदा मधूनमधून पांढरा होणे. तिसऱ्या शिडीवर न मरता उभे राहिले तर खेळ आपोआप गुण देत राहतो. म्हणजे काही न करणाऱ्याला बढती, हे आमच्या खात्यासारखेच. खाली एक वाक्य होते: ‘या वस्तूपुढे मी बावन्न दिवस बसलो होतो.’

चौथ्या दिवशी त्याने खेळ पाचव्या शिडीवर थांबवला, पोलादी पट्टी टीव्हीच्या काचेला लावली आणि पायऱ्यांमधले अंतर मोजले. पाच वेळा अर्धा इंच. शेवटच्या पायरीपासून सज्ज्यापर्यंत मात्र बरोबर एक इंच.

मग त्याने मासिकाचा अंक उघडला.

त्या दुपारी मला त्याचा फोन आला: मामा, घरी या, तपासणीला साक्षीदार लागतो. मी गेलो तेव्हा भावोजी आत झोपले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने अंक माझ्यासमोर ठेवला. पाचव्या शिडीच्या सूचना मलासुद्धा कळतील इतक्या बाळबोध होत्या. ‘वर सरकून एक पायरी काढ’ या अर्थाची एकच ओळ, सात वेळा. सहा ओळी पानाच्या तळाशी होत्या. सातवी, हुबेहूब तशीच, पुढच्या पानाच्या माथ्यावर. त्या सातव्या ओळीवर लाल पेन्सिलीने, पट्टी लावून मारलेली, केसासारखी बारीक रेघ होती. समासात भावोजींचे मोत्यासारखे अक्षर: ‘पान उलटताना ओळ पुन्हा छापली. गाढवपणा.’

छापखान्याचा तिरस्कार करणाऱ्या माणसाखेरीज ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. एखाद्या अडाण्याने ती ओळ निमूटपणे वाचली असती, मुलाने ती टंकली असती आणि रखवालदार पहिल्याच आठवड्यात वर पोचला असता.

सूनबाई ओट्याला टेकून उभी होती. तिने विचारले, की आता हे सांगून काय साधणार. त्यांनी ऐंशी पार केली आहे. मी तिच्या बाजूने बोललो. म्हणालो, कॅसेट खराब झाली म्हणून सांग आणि गुंडाळून ठेव. वय झालेल्या माणसांना असले शहाणपण फार सुचते. भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या त्या सुप्रसिद्ध नजरेखाली मी प्रथमच आलो होतो.

“मामा,” तो म्हणाला, “माझ्या सहीची एकही लिफ्ट आजवर कुणाचं वय बघून वर आलेली नाही.”

भावोजी उठून बाहेर येऊन बसले तेव्हा त्याने अंक त्यांच्या मांडीवर ठेवला, पट्टी त्या ओळीखाली लावली आणि भिंग हातात दिले. भावोजींनी आधी माथ्यावरची ओळ वाचली. मग पान उलटून मागच्या सहा वाचल्या, बोटाने मोजून. पुन्हा पुढे आले. समासातले स्वतःचे अक्षर त्यांनी बराच वेळ पाहिले; मला वाटते, ते वळण अजूनही त्यांना आवडले असावे.

“छापखान्यानं सांगायला हवं होतं,” ते शेवटी म्हणाले.

“सांगितलं होतं, बाबा. दोन्ही ओळींना वेगवेगळे क्रमांक आहेत.”

भावोजींनी भिंग पुन्हा डोळ्यांशी नेले. क्रमांक वेगळे होते.

भाच्याने पेटी पुढे ओढली आणि ती एक ओळ टंकली. कळा शोधायला त्याला लहानपणाइतकाच वेळ लागला. खेळ सुरू केला. पहिल्या शिडीवर दोनदा मेला, तेव्हा भावोजींनी काठी आपटली नाही. तिसऱ्या जन्मी तो चार शिड्या चढला, पाचवीच्या सहा पायऱ्या चढला, आणि सातवीवर पाय ठेवून, उडीबिडी न मारता, सज्ज्यात चालत गेला. दिवा पेटला. म्हणजे एक पिवळा चौकोन तीनदा उघडमीट झाला. मग पडदा पुसला गेला आणि ते टोपी घातलेले कुलूप पुन्हा तळाशी येऊन उभे राहिले.

“एवढंच?” भावोजींनी विचारले.

“एवढंच.”

इतक्या हलक्या वस्तूवर एका मुलाचे भवितव्य तोलले गेले होते, ही गोष्ट त्या खोलीत आम्हा तिघांनाही एकदमच दिसली असावी. भावोजींना क्षमा मागता येत नव्हती. ती भाषा त्यांनी कधी वापरलीच नव्हती. तिचे व्याकरण त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, की तुझ्या खात्याचा तो छापील तक्ता घरात आहे का. सूनबाईने आणून दिला. भाचा पेन घेऊन बसला आणि भावोजी सांगू लागले. यंत्र, पास. छपाई, पास. खेळणारा, पास. भाच्याने एकेक रकाना भरला. तळाशी ‘तपासणारा’ असा रकाना असतो. तेथे अधिकाऱ्याचे नुसते नाव लिहायचे असते. भाच्याचे पेन तेथे थांबले.

“लिही की.”

भाचा लिहीना. तेव्हा भावोजींनी कागद आपल्याकडे ओढला, पेन नाकारून आपली लाल पेन्सिल मागवली, आणि प्रत्येक अक्षर सुटे सुटे काढत त्या रकान्यात ‘नापास’ असे लिहिले. खाली सही केली.

“उरलो मी,” ते म्हणाले.

साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

यानंतर त्या घरात गोडवा पसरला, असे कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी चहा कोमट असल्याची तक्रार केली, आणि भाच्याने कपात बोट बुडवून ती ग्राह्य धरली. दोघेही पूर्वीसारखेच जगाला नावे ठेवत जगले. फरक इतकाच, की आता शेजारीशेजारी बसून ठेवत. दोन ठिपक्यांची हकिगत मात्र भावोजींनी पुन्हा कोणाला सांगितली नाही. मी एकदा भाच्याला विचारले, की ती ओळ त्या वेळी टंकली गेली असती तर तू आज कोठे असतास. त्याने विचार केला. म्हणाला, “एकच ओळ सात वेळा लिहिणाऱ्या माणसांत, मामा. एका ओळीत सांगता येत होतं ते.” हा तिरस्कार पूर्ण खरा होता का, हे मला ठरवता आले नाही. त्याच्या बाबतीत मला ठरवता न आलेली ही एकच गोष्ट.

भावोजी शहाऐंशीव्या वर्षी झोपेत गेले. भाचा त्यांच्यामागे दोनच वर्षे राहिला; काळजाचे दुखणे होते. इस्पितळात त्याला वरच्या मजल्यावर नेत होते तेव्हा लिफ्टच्या उंबऱ्याशी त्याच्या खाटेची चाके अडून धक्का बसला. नाकाला नळी असलेल्या त्या माणसाने बायकोकडे पाहून दोन बोटे वर केली. बरोबरच्या परिचारिकेला वाटले, पेशंट धीर धरून आहेत. सूनबाईने त्याच दिवशी खात्याला पत्र टाकले. महिन्याभराने ती लिफ्ट दुरुस्त झाली; तोवर भाचा नव्हता.

त्याच्यामागे पत्नी आहे, एक मुलगी आहे. पोलादी पट्टी मुलीकडे आहे, तक्ता फायलीत आहे. ती पेटी आता सुरू होत नाही. कॅसेटवर जुनाच खेळ आहे, सहा पायऱ्यांचा. सातवी त्याने साठवली नव्हती.